आपोआप

दारात उभी असलेली तरुणी मूठ उघडायला तयार नव्हती.

"आत तर या," बाई म्हणाल्या. "मूठ नंतर बघू."

बाई म्हणजे गावभर नुसत्या 'बाई'. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, घरी बसून करमेना, म्हणून दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर पहिल्या दिवशी पाटी वाचायला म्हणून वर आले, ते परत फारसे खाली गेलेच नाहीत. आत्ताही ते खुर्चीवरची पुस्तकं, लोकरीचा गुंडा आणि एक चमचा उचलून पाहुणीसाठी जागा करत होते.

"बाई, हा पसारा करतं तरी कोण?"

"कुणी करत नाही. आपोआप होतो. आवरायला मात्र कुणीतरी लागतं."

तरुणी बसली. पोस्टमास्तरांच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिली.

"माझ्या घरी पण असाच असायचा," ती म्हणाली. "बाहुलीचे बूट डाळीच्या डब्यात, खडू अंथरुणात. दिवसभर ओरडायचे मी. आता घर लख्ख आवरलेलं आहे. कुणी पसरतच नाही."

मग तिने मूठ उघडली. तळहातावर इन्सुलिनची छोटी बाटली होती. किती वेळ घट्ट धरली होती कोण जाणे, बाटलीचा गोल ठसा कातडीवर उमटला होता.

"माझी चिंगी. आठ वर्षांची. तिला रोज सुई लागते. हे औषध दुधासारखं असतं बाई. तळाशी बसतं. टोचायच्या आधी दोन तळहातांत धरून हळूहळू घोळवायचं. चिंगी म्हणते, आई औषधाला झोपेतून उठवतेय."

"आता कुठे आहे ती?"

"दवाखान्यात. श्वास चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. तिचे बाबा तिथेच बसलेत." तिने पदराच्या टोकाने बाटली पुसली, मग काय सुचलं कोण जाणे, पुसायची थांबली. "वादळात वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. हे मालाच्या गाडीबरोबर पुलापलीकडे अडकलेले. घरात मी, नणंद आणि सासरे. चिंगीचं औषध संपत आलं होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला कमरेएवढ्या पाण्यातून दोन बाटल्या घेऊन आला. मी त्याला भाऊ म्हणते. म्हणायचे."

"आणि फ्रिज बंद."

"म्हणून मी आधीच बर्फ आणून ठेवला होता. घरात एक जुनी जाड लाकडी बादली आहे, तिच्यात बर्फ टिकतो. बर्फाच्या मधोमध पत्र्याचा डबा. भाऊंनी स्वतःच्या हाताने बाटल्या फडक्यात गुंडाळून त्या डब्यात ठेवल्या. एक मी वापरायला घेतली, ही दुसरी. एकही सुई चुकवली नाही बाई मी. तरी पोर सुकत गेली. पाणी पाणी करायची. मला वाटलं, ताप असेल. रस्ते बंद, फोन बंद. बाहेर वारा, छताचा पत्रा कुठेतरी घरघरत होता, आणि मी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले. एका सकाळी हाक मारली तर उठलीच नाही."

पोस्टमास्तरांनी चमचा खाली ठेवला.

"सरकारी प्रयोगशाळेने उघडलेली बाटली तपासली. म्हणे औषध खरंच आहे, कंपनीचंच, पण कस गेलाय. पोलीस म्हणतात, घरात गरमीने खराब झालं असेल. म्हणजे माझ्यामुळे." तिचा आवाज अगदी सपाट होता. "ती उठली तर मी तिला कुठल्या घरात नेऊ? कुणाच्या भरवशावर औषध ठेवू? मला फक्त सांगा, कुणी केलं."

"संशय कुणावर?"

"भाऊंवर. नाहीतर... नणंदेवर. सारखी म्हणायची, सुया टोचटोचून पोरीची चाळण केलीत. बादलीतलं पाणी काढायला तीच जायची."

बाईंनी बाटली उजेडात धरली. बुचावरची पातळ टोपी जशीच्या तशी, सुईचा एकही टोचा नाही. आतलं दूध मात्र दुधासारखं नव्हतं. नासल्यासारखे पांढरे कण काचेला चिकटून बसले होते. लेबलाच्या कडेला पांढरी, बारीक, सुकलेली नक्षी होती.

"वापरत होतात त्या बाटलीतही असे कण होते?"

तरुणीने मान खाली घातली. "काचेला पांढरं दिसायचं. मेणबत्तीच्या उजेडात मला वाटलं, गारठ्याचं दव आहे."

"औषध डब्यातून काढल्या काढल्या टोचायचात?"

"छे, गार औषध तिला झोंबतं. बराच वेळ आधी फडक्यासकट काढून तिच्या उशीखाली ठेवायचे. ऊब यायला."

"बर्फ कधी पूर्ण वितळला होता?"

"कधीच नाही. गल्लीतल्या बर्फवाल्याने भुशात साठवलेली एक लादी रोज आणायचे."

बाईंनी बाटली पोस्टमास्तरांकडे दिली. त्यांनी लेबलावर अंगठा फिरवत त्यावरची अक्षरं वाचली, बाटली परत केली आणि सवयीप्रमाणे वर्तमानपत्राचं पान उलटायला अंगठा जिभेला लावला. तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"काही नाही. खारट लागलं. अंगठ्याला घाम असेल."

"तुम्ही पान का उलटत होता? बातमी तर वाचत नव्हता."

"अहो, तीस वर्षं तिकिटं मोजली. हाताला काम दिसलं की अंगठा जिभेवर जातो. मी कुठे विचार करून करतो!"

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

&nbsp;

औषधवाल्याच्या दुकानाची काच फुटलेली होती. तो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत होता. मोठे तुकडे त्याने भिंतीशी एकावर एक रचून ठेवले होते.

"जुळवताय का काय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाही हो. फेकवत नाही इतकंच." तो उठला. चेहरा जागरणाने काळवंडला होता. "विचारा. सगळ्यांनी विचारून झालंय. काहींनी तर दगडाने विचारलं."

"त्या बाटल्या कुठून आल्या?"

"कंपनीच्या खोक्यातून. माझ्या फ्रिजला जनरेटर आहे, एक मिनिट बंद नव्हता. त्याच खोक्यातल्या बाटल्या मी आणखी तिघांना दिल्या. एक आजी, एक मास्तर, एक गॅरेजवाला. तिघंही ठणठणीत. त्यांना जाऊन विचारा."

"तुम्ही डब्यात ठेवल्या तेव्हा औषध कसं होतं?"

"दुधासारखं. एकसारखं. मी स्वतः घोळवून बघितलं, वहिनींसमोर."

"आणि बादलीत काय होतं?"

"बर्फ."

"आणखी?"

"नुसता बर्फ. थोडं वितळलेलं पाणी. त्यात आणखी काय असणार?"

"तिथे कोण कोण होतं?"

"वहिनी. चिंगीची आत्या. आणि आजोबा पायरीवर बसलेले. त्यांचं हल्ली तुम्हाला माहीत असेलच, सगळं पुसट झालंय. मला म्हणाले, 'आलास? दूध आणलंस?' मी म्हटलं, औषध आहे आजोबा. तर म्हणतात, 'घाल डब्यात. माझं मी बघतो.'" तो हसला, मग कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहू लागला. "चिंगी शाळेतून येताना रोज इथे थांबायची. वजनाच्या काट्यावर उभी राहायची. फुकट. म्हणायची, काका, मी आज किती झाले?"

बाहेर आल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "हा नाही. ज्याने केलं तो असं बोलणार नाही."

"ज्याने केलं तोही असाच बोलला असता, पोस्टमास्तर. बोलण्यावर जाऊ नका. त्या तिघांची तब्येत बघून या, ती खोटं बोलत नाही."

तिघांची तब्येत उत्तम होती. गॅरेजवाल्याने तर पोस्टमास्तरांच्या सायकलची साखळीही बसवून दिली.

&nbsp;

चिंगीचं घर पक्क्या स्लॅबचं, बसकं होतं. पुढे छोटं अंगण, मोरीपासून निघालेला उघडा नाला आणि त्याच्या कडेने फुलझाडांची रांग. वादळाने सगळी झाडं धुऊन हिरवीगार झाली होती. फक्त मोरीच्या तोंडाशी असलेला गुलाब करपला होता. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत.

"एवढ्या पाण्यात हाच कसा वाळला?" पोस्टमास्तर पुटपुटले.

"छान प्रश्न आहे."

"उत्तर?"

"आधी वर बघा. छप्पर कसलं आहे?"

"स्लॅब. गच्ची."

"हं," एवढंच बाई म्हणाल्या.

दार आत्याने उघडलं. पन्नाशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांची कातडी सोललेली होती.

"वहिनी दवाखान्यात गेल्यात. तुम्हाला माझ्याशीच बोलायचं असेल. बसा. पसारा नाहीये, कुठेही बसा."

पोस्टमास्तरांनी सोयीची जागा शोधली आणि कोपऱ्यातल्या एका गोणीवर बसले.

"तुमचा सुयांना विरोध होता," बाईंनी सरळ सुरुवात केली.

"होता. कुणाला बघवतं? पोटावर, मांडीवर, दंडावर, पोरीला अंगभर टिकल्या. पण विरोध म्हणजे काय हो? वहिनी सुई भरायची तेव्हा पोरीला मांडीवर मीच धरायचे. तिला दुसरं कुणी धरलेलं चालत नाही." तिने पदर सारखा केला. "वहिनीला वाटतं, मी केलं. वाटू दे. तिला कुणावर तरी ढकलायला हवंच ना."

"बोटांना काय झालं?"

"चटका बसला."

"गॅसचा?"

आत्या अडखळली. "बर्फाचा. डब्याचं झाकण काढताना ओली बोटं पत्र्याला चिकटली. ओढली तर कातडी गेली."

पोस्टमास्तरांना राहवलं नाही. "बर्फाने कधी चटका बसतो होय? मी लहानपणी दिवसदिवस बर्फ चोखायचो, जीभ शाबूत आहे अजून!"

आत्या हसली नाही. बाईही नाही.

"बादलीतलं पाणी तुम्ही काढायचात. कुठे टाकायचात?"

"मोरीत. दुसरं कुठे?"

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. आत्या उठायच्या आत आजोबा दारात उभे होते. उंच, वाकलेले, धुतलेला सदरा, गुंड्या एकआड एक लावलेल्या. त्यांनी पाहुण्यांकडे पाहून मान डोलावली, जणू रोजचंच गिऱ्हाईक आहे.

"पोर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात, बाबा."

"का?"

"बरं नाहीये तिला."

आजोबांचा चेहरा विस्कटला. आत्या पटकन पुढे झाली, त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने ते विसरले. उजवा हात मांडीवरून आपसूक उचलला गेला आणि हवेत हळूहळू गोल फिरू लागला, विहिरीचा रहाट फिरवावा तसा. आत्याने तो हात आपल्या हातात घेऊन थांबवला.

"पोर कुठाय?" आजोबांनी विचारलं.

या वेळी आत्या म्हणाली, "शाळेत गेलीये, बाबा." मग बाईंकडे न बघता म्हणाली, "दिवसातून कितीदा तरी विचारतात. खरं सांगितलं तर प्रत्येक वेळी नव्याने ऐकतात."

"पूर्वी काय करायचे ते?"

"आईस्क्रीम. हाताने फिरवलेलं. सगळं गाव यांच्या हातचं आईस्क्रीम खाऊन मोठं झालं. आता माझा भाऊ, चिंगीचा बाबा, कारखान्याचं आणून विकतो." तिने विषय तोडला. "झालं का तुमचं?"

बाई उठल्या. पोस्टमास्तरही उठले आणि ओशाळून त्यांनी पाठीमागे हात लावला. धोतर ओलं झालं होतं.

"या गोणीत आहे काय?"

"धंद्यातलं जुनं सामान," आत्या म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर पोस्टमास्तरांनी निकाल दिला. "हीच ती. हिचं चित्त थाऱ्यावर नाही. आणि बर्फाचा चटका म्हणे! बर्फाहून गार ते काय असतं?"

बाई चालता चालता थांबल्या.

"पोस्टमास्तर, एवढा एकच प्रश्न होता. सगळे विचारत होते, औषध गरम झालं का. उलटा प्रश्न तुम्ही विचारलात."

"म्हणजे मला उत्तर कळलं?"

"नाही. मला कळलं." त्या पुढे चालू लागल्या, पण पावलात नेहमीचा झपाटा नव्हता. "कळलं नसतं तर बरं झालं असतं."

&nbsp;

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंगणात सगळे जमले. चिंगीची आई दवाखान्यातून तशीच आली होती. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. औषधवाला फाटकाशी, आत यावं की नाही अशा बेतात. आजोबा आत झोपले होते. बाईंनी ती लाकडी बादली मधोमध ठेवायला लावली. आत पत्र्याचा डबा, भोवती फोडलेला बर्फ. डब्याच्या झाकणावर जुना लोखंडी दांडा होता. कोपऱ्यातली गोणी पोस्टमास्तरांनी फरफटत बाहेर आणली, या वेळी बसण्याच्या फंदात न पडता.

"आधी काय घडलं नाही ते सांगते," बाई म्हणाल्या. "औषध बनावट नव्हतं. त्याच खोक्यातल्या औषधावर तीन माणसं ठणठणीत आहेत. कुणी त्यात पाणी मिसळलं नाही. न वापरलेल्या बाटलीच्या बुचाला टोचा नाही, तरी आतलं औषध मेलेलं आहे. म्हणजे जे झालं ते बाहेरून झालं, या बादलीत."

औषधवाल्याने दीर्घ श्वास घेतला. चिंगीच्या आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आता गरमी. बर्फ रोज होता, औषध बर्फात होतं. गरमी नाही. आणि गरमीने खराब झालेल्या या औषधात काचेला चिकटलेले असे कण सहसा दिसत नाहीत. हे कण गोठल्याचे आहेत. खोक्यावर दोन सूचना असतात, थंड ठेवा आणि गोठवू नका. आपण पहिली वाचून थांबतो. हे दूध एकदा गोठलं की त्यातले बारीक कण एकमेकांना चिकटतात. मग वितळवा, घोळवा, काहीही करा. पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. सुईत कधी नुसतं पाणी येतं, कधी काहीच कामाचं येत नाही."

"पण मला गोठलेलं दिसलं कसं नाही?" चिंगीची आई कुजबुजली.

"फडक्यात होतं. पोरीला झोंबू नये म्हणून तुम्ही ते तिच्या उशीखाली ठेवत होतात. तुमच्या हातात यायच्या आत ते वितळलेलं असायचं. मागे राहायचं ते फक्त काचेवरचं पांढरं."

चिंगीच्या आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"प्रश्न इथे अडतो," बाई म्हणाल्या. "नुसत्या बर्फात हे औषध गोठत नाही. वितळणारा बर्फ एका मर्यादेखाली जातच नाही. पण हा डबा त्याच्या बराच खाली गेला होता. एवढा की ओली बोटं चिकटली आणि सोलली." आत्याने हात मागे घेतला. "वीज नाही, यंत्र नाही, आणि बर्फाहून गार. कसं?"

बाईंनी बर्फाचा एक खडा उचलून तळहातावर घेतला.

"वर्गात मी हेच विचारायचे. आपोआप काय काय घडतं? मुलं म्हणायची, कोळसा जळतो, लोखंड गंजतं. सगळी ऊब देणारी कामं. मुलांना वाटायचं, जे ऊब देतं तेच आपोआप घडतं. मग मी बर्फात मूठभर मीठ टाकायचे. बर्फ भराभर वितळायचा आणि वितळता वितळता आणखी गार व्हायचा. भांड्यावर बाहेरून पांढरं हिव चढायचं. मुलं टाळ्या वाजवायची." त्यांनी बादलीकडे बोट केलं. "बर्फ म्हणजे घडी घालून ठेवलेलं पाणी. मीठ म्हणजे रांगेत उभे केलेले खडे. दोघं भेटले की दोघांनाही विस्कटायची ओढ. पसारा व्हायची ओढ. वितळायला ऊब लागते, ती जवळ नसेल तर शेजाऱ्याची ओढून घेतात. शेजारी डबा. डब्यात औषध. कुणी सांगावं लागत नाही, कुणाच्या मनात वाईट असावं लागत नाही."

"मीठ!" पोस्टमास्तरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "ते खारट!"

"झाकणाच्या फटीतून डब्यात शिरून लेबलावर सुकलेलं मिठाचं पाणी. तेच पाणी मोरीत गेलं आणि गुलाब करपला. आणि तुम्ही ज्यावर बसलात ती मिठाची गोणी आहे. अशा दमट हवेत ती ओलीच असणार. औषध ठेवलं तेव्हा बादलीत नुसता बर्फ होता. म्हणजे मीठ मागाहून पडलं."

"कुणी टाकलं?" चिंगीची आई उठून उभी राहिली. नणंदेकडे वळली. "ताई, तुम्ही? माझ्या पोरीच्या..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "वादळात पत्रा घरघरत होता, म्हणालात ना? या घरावर पत्रा नाही."

सगळे बघत होते, बाई पहिल्यांदाच शब्द शोधत होत्या.

बाईंनी हाक मारली नव्हती. कुणीच मारली नव्हती. आजोबा आतून आले, अनवाणी, सदऱ्याच्या गुंड्या आजही चुकलेल्या. पायरीवर थांबले. बादलीकडे पाहिलं. त्यांचा वाकलेला कणा जरासा सरळ झाला.

ते खाली बसले. गोणीचं तोंड न बघता सोडलं. ओंजळभर खडेमीठ बर्फावर पसरलं, मग बर्फाचा थर सारखा केला, मग पुन्हा मीठ. घाई नाही, चूक नाही, एक खडाही बाहेर सांडला नाही. नातीचं नाव हरवलेली ती बोटं इथे काहीच विसरली नव्हती. मग डावा हात झाकणावर दाबून उजव्या हाताने त्यांनी दांडा धरला.

घर्रर. घर्रर. घर्रर.

चिंगीच्या आईने हा आवाज ओळखला. "पत्रा नव्हता तो," ती म्हणाली.

"दूध आणलंस का रे?" आजोबांनी फाटकाशी उभ्या औषधवाल्याला विचारलं.

औषधवाल्याने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले.

डब्याच्या पत्र्यावर हळूहळू पांढरं हिव चढू लागलं.

"ताई," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं."

"बोटं सोलली तेव्हा मीठ दिसलं," आत्या म्हणाली. "मी हसले हो! म्हटलं, बाबांना अजून येतंय. पाणी ओतून दिलं, वहिनी चिडेल म्हणून. जास्त गारठ्याने औषध मरतं, हे मला काय ठाऊक? दवाखान्यात कस गेलाय म्हणाले, तेव्हा डोक्यात उजेड पडला." तिने बापाकडे पाहिलं. "कुणाला सांगू? वहिनीला? ती या म्हाताऱ्याच्या ताटात वाढेल कशी? की यांना सांगू? आज सांगितलं तर उद्या विसरतील, परवा परत सांगू? रोज नव्याने मारू का बापाला? मला शिव्या पडतायत तेच बरं होतं."

पोस्टमास्तर बाईंच्या कानाशी लागले. "आता काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? चोर पकडला, आता..."

"चोर कुठाय, पोस्टमास्तर? हात सवयीने चालला, बर्फ आपल्या ओढीने चालला. मी गुन्हेगार शोधायला निघाले आणि वर्गातलाच धडा सापडला. तो उलटा फिरवता येत नाही, हेही मीच शिकवायचे."

चिंगीची आई पुढे झाली. आत्या पुढे सरकली, बापाच्या आड उभी राहावी तशी. पण ती तिला ओलांडून बादलीपाशी गेली आणि आजोबांच्या समोर बसली. त्यांचे हात मिठाच्या पाण्याने लाल झाले होते, बोटं आखडली होती. तिने दांड्यावरून त्यांचा हात सोडवला.

"मला एक शत्रू हवा होता, बाई," ती मागे न बघता म्हणाली. "तेवढा तरी द्यायचात."



तिने आजोबांचे हात आपल्या पदराने पुसले. मग दोन्ही तळहातांत धरले आणि घोळवू लागली. हळूहळू, न हिंदकळवता, ऊब येईपर्यंत. इतके दिवस तिच्या तळहातांना दुसरं काम नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली. फाटकाशी उभा माणूस दचकला. "चिंगी घरी आली तर औषध तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल? मी रोज येईन न्यायला."

"ठेवीन, वहिनी," तो कसाबसा म्हणाला.

आजोबांनी आपल्या धरलेल्या हातांकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. पण चेहऱ्यावर समाधान होतं, काम वेळेत झाल्याचं.

"घट्ट व्हायला लागलंय," ते म्हणाले. "पोरीला हाक मार."

"झोपलीये ती, बाबा."

"झोपू दे. वरची साय तिच्यासाठी काढून ठेव." ते हसले. "आईस्क्रीम म्हटलं की उठते ती. हाक मारावीच लागत नाही. आपोआप उठते."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि घोळवत राहिली.